वर्गातली बिनमातीची बाग

शाळेला परसबाग असावी, हे आता कागदावर ठरून गेलं आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१९ मध्ये शालेय पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. महाराष्ट्रात शालेय पोषण आहार योजनेखाली परसबागांच्या स्पर्धा होऊ लागल्या, ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानातही परसबागेला स्थान मिळालं. जव्हार-मोखाड्याच्या किंवा भामरागडच्या जिल्हा परिषद शाळेत हे जमून जातं. शाळेमागे थोडी जागा असते, हात धुण्याच्या नळाचं पाणी वाफ्यात सोडता येतं आणि कुणाच्या घरी दुधी-घोसाळ्याचं बी ठेवलेलं आहे ते गुरुजींना ठाऊक असतं. अडतं ते भायखळ्यात, नाना पेठेत, भिवंडीत. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, खाली पेव्हर ब्लॉक बसवलेलं अंगण, एकाच इमारतीत सकाळ-दुपार दोन सत्रं. अशा शाळेतल्या बाईंना ‘परसबाग करा’ म्हणून परिपत्रक पाठवलं की फोटोपुरत्या चार कुंड्या मांडल्या जातात आणि पुढच्या परिपत्रकापर्यंत विषय संपतो.

म्हणून वर्गाच्या आतच, खिडकीशी किंवा दिव्याखाली, मातीशिवाय झाडं वाढवण्याचा विचार पुढे येतो आहे. तयार संच विकणारे शाळांपर्यंत पोचले आहेत. शाळांमधल्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये मुलं पंप आणि सेन्सर जोडून हायड्रोपोनिक्सचे, म्हणजे पाण्यातल्या शेतीचे, प्रकल्प करतात. या सगळ्याकडे एकदा नीट पाहायला हवं. त्यातलं बरंच मोलाचं आहे, आणि बरंच तिसऱ्या आठवड्यात सुकून जातं.

आधी जागेविषयी. वर्गातली बाग ही जागा नसलेल्या शाळेची नाइलाजाची सोय आहे, असं सरसकट मानलं जातं. चंडीगढचं उदाहरण घेतलं तर हे मत तपासता येतं. वास्तुकार ल कॉर्बुझिएने तिथला सेक्टर साधारण ८०० बाय १२०० मीटरचा आखला, मधून हिरवा पट्टा सोडला आणि शाळांना त्या पट्ट्यात जागा दिली. म्हणजे मोकळी जमीन शाळेच्या दारातच. तरी त्याच शहराच्या सेक्टर ३४ मध्ये, जे पुढे कार्यालयांचं आणि कोचिंग क्लासांचं केंद्र झालं, तिथे येणारा विद्यार्थी दिवसाचे कित्येक तास ट्यूबलाइटखाली बसतो. डिसेंबर-जानेवारीत धुकं, मे-जूनमध्ये चाळिशीच्या वरचं ऊन. बाहेरचा हिरवा पट्टा त्याच्या अभ्यासात येतच नाही. बाहेर जमीन असणं आणि रोज डोळ्यांसमोर झाड वाढताना दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मैदानाच्या कडेचा वाफा आठवड्यातून एकदा पाहिला जातो. वर्गातली बरणी मुलं आत शिरल्या शिरल्या पाहतात, आणि तिच्यात मूळ दिसतं. जमिनीतल्या झाडाचं मूळ पाहायचं तर झाड उपटावं लागतं.

हे मूळ दिसणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि या पद्धतीचा इतिहासही तेच सांगतो. १८६० च्या सुमारास जर्मनीत युलिउस फॉन झाक्स आणि त्याच्या मागोमाग विल्हेल्म क्नोप यांनी झाडं नुसत्या क्षारांच्या द्रावणात वाढवली. पीक काढणं हा त्यांचा हेतू नव्हता; झाडाला नेमकं काय काय लागतं ते त्यांना कळून घ्यायचं होतं. द्रावणातून एक एक घटक वगळायचा आणि झाड काय म्हणतं ते पाहायचं. पीक म्हणून हे तंत्र मिरवलं ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विल्यम गेरिक यांनी. १९२९ पासून त्यांनी टाक्यांमध्ये टोमॅटोचे उंचच उंच वेल वाढवले आणि १९३७ मध्ये या पद्धतीला हायड्रोपोनिक्स हे नाव दिलं. वर्तमानपत्रांनी इतका गाजावाजा केला की त्याच विद्यापीठातल्या होगलंड आणि अर्नन यांना १९३८ मध्ये एक पुस्तिका लिहून लोकांना जमिनीवर आणावं लागलं. पाण्यातलं पीक चांगल्या मातीतल्या पिकापेक्षा काही चमत्कारिक भरघोस येत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि द्रावणाची पाककृती मात्र मोकळेपणाने छापून दिली. ती आजही जगभर वापरतात.

भारतात या तंत्राची सुरुवात काचघरात झालेली नाही. १९४६ च्या सुमारास शोल्टो डग्लस यांनी तेव्हाच्या दार्जिलिंग जिल्ह्यातल्या कालिम्पोंगला प्रयोग सुरू केले. पंप नाही, वीज नाही, महागडी उपकरणं नाहीत. खडी, वाळू, साध्या पेट्या आणि हाताने घातलेली खतं. १९५१ मध्ये त्यांचं या ‘बंगाल पद्धती’वरचं पुस्तक आलं. आज शाळेला हजारो रुपयांचा पांढरा प्लॅस्टिकचा मनोरा विकणाऱ्याला हा इतिहास ठाऊक नसतो. शिक्षकाला तो ठाऊक असावा, म्हणजे स्वस्तात करणं म्हणजे कमीपणाचं करणं असं त्याला वाटणार नाही.

महाराष्ट्रात तर मातीशिवाय काही उगवून आणणं घराघरात चालतं. मटकीला मोड आणणं हे त्याचंच पहिलं पाऊल. दुष्काळाच्या वर्षांत दूध उत्पादकांनी ट्रेमध्ये मक्याचा हायड्रोपोनिक चारा घेतला; आठ-दहा दिवसांत मुळांच्या गादीसकट हिरवा चारा गाईपुढे पडतो, हे बारामती-सांगोल्याकडच्या कित्येक मुलांनी गोठ्यात पाहिलेलं आहे. मावळातल्या पॉलिहाउसमध्ये जरबेरा कोकोपीटमध्ये वाढतो. पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवर पालापाचोळा, उसाचं चिपाड आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांतच भाज्या पिकवणारी मंडळी आहेत. त्यांच्या मागे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांच्या ‘प्रयोग परिवारा’ची आणि मुंबईच्या डॉ. आर. टी. दोशी यांच्या कामाची परंपरा आहे. शिक्षकाने कुठून सुरुवात करावी याचं उत्तर इथेच मिळतं.

ती सुरुवात अळीवाने करावी. बाळंतिणीच्या लाडवांसाठी वाण्याकडे मिळणारं हे बी ओल्या कापसावर एक-दोन दिवसांत रुजतं आणि आठ-दहा दिवसांत खुडून कोशिंबिरीत घालण्याजोगं होतं. खत लागत नाही, कारण रोप तेवढे दिवस बियातल्या शिदोरीवर जगतं. पहिलीतल्या मुलालाही एका वाटीत हे करता येतं आणि बिघडलं तर दोन रुपयांचं बिघडतं. त्यानंतर मोहरी, मेथी. मग पुदिन्याची काडी बाटलीत. इथवर आलेल्या वर्गानेच पोषक द्रावणाकडे वळावं.

द्रावणाची पद्धत निवडताना शाळेने पंपाचा मोह टाळावा. हवाई विद्यापीठाचे बर्नार्ड क्रॅट्की यांनी जी न वाहत्या द्रावणाची पद्धत विकसित केली ती वर्गाला फार सोयीची आहे. झाकण असलेल्या डब्यात द्रावण भरायचं, झाकणाच्या भोकात छोटी जाळीची वाटी बसवायची, तिचा तळ द्रावणाला जेमतेम टेकवायचा. रोप पाणी पितं तशी पातळी खाली जाते. वर मोकळी होणारी मुळं हवेतला प्राणवायू घेऊ लागतात, खालची मुळं पाणी आणि क्षार घेत राहतात. लेट्यूसच्या एका रोपाला साधारण चार लिटर द्रावण पुरतं आणि महिन्या-दीड महिन्यात ते काढणीला येतं. रविवार आला, सलग सुट्ट्या आल्या, वीज गेली तरी काही बिघडत नाही. बाईंना एकच गोष्ट पक्की सांगावी लागते: पाणी कमी झालेलं दिसलं म्हणून डबा पुन्हा काठोकाठ भरायचा नाही. हवेला सरावलेली मुळं बुडाली की गुदमरतात. मायेपोटी पाणी घालणारा एखादा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतोच, त्याला आधी विश्वासात घ्यावं.

खताच्या बाबतीत तर महाराष्ट्रातल्या शिक्षकाच्या हाताशी खजिना आहे. नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्षबागायतदाराला विद्राव्य खतं, ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप), पीएच हे शब्द तोंडपाठ असतात. खताच्या दुकानात तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, शून्य-बावन्न-चौतीस म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट, शिवाय कॅल्शियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं सहज मिळतात. बहुतेक नवखे एकोणीस-एकोणीस-एकोणीसची पिशवी आणून मोकळे होतात आणि तिथेच फसतात. त्या खतातला नत्राचा मोठा भाग युरियाच्या रूपात असतो. मातीत जिवाणू युरियाचं रूपांतर करून तो मुळांना देतात. डब्यातल्या स्वच्छ पाण्यात ते काम करायला जवळजवळ कुणी नसतं. शिवाय त्यात कॅल्शियम नाही. रोप आठवडाभर बरं दिसतं, मग खालची पानं पिवळी पडू लागतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेट-सल्फेट यांची दाट द्रावणं एकत्र करणं. तळाशी पांढरा साका बसतो आणि झाडाला मिळायचं ते डब्याच्या बुडाशी पडून राहतं. हे टाळण्यासाठी दोन बाटल्या वेगळ्या ठेवायच्या आणि भरपूर पाण्यात एकापाठोपाठ एक मिसळायच्या. हे रसायनशास्त्र आठवीच्या पुस्तकात शोधत बसण्यापेक्षा एखाद्या बागायतदार पालकाला वर्गात बोलवावं. खतांच्या पिशव्या मात्र शिक्षकाच्या कुलपातच असाव्यात.

पाणीही गावागणिक बदलतं. मुंबईचं तलावाचं पाणी मऊ, त्यात क्षार कमी, म्हणून द्रावण सरळ जमतं. लातूर-बीडकडच्या बोअरचं पाणी आधीच क्षारांनी जड. त्यात तेच प्रमाण घातलं तर पानांच्या कडा करपतात. तिथे पावसाचं साठवलेलं पाणी निम्मं मिसळणं शहाणपणाचं. पालेभाजीसाठी द्रावणाचा पीएच साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान असला की पुष्कळ झालं. तपासायला कागदी पट्ट्या चालतात.

उजेडाबाबत सगळ्यात जास्त गैरसमज आहे. आपल्या डोळ्यांना लख्ख वाटणारा वर्ग झाडासाठी अंधारा असतो. वाचायला ३०० लक्स उजेड पुरतो. पालक किंवा लेट्यूस नीट भरायला दहा-पंधरा हजार लक्स दहा-बारा तास लागतात. दक्षिणेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीच्या अगदी कट्ट्यावर हिवाळ्यात हे जमू शकतं. खिडकीपासून चार हात आत रोप नेलं की ते लांबट, फिकट होऊन लोळतं. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत तर खिडकीही पुरत नाही. मग एका फळीवर २० वॉटच्या चार एलईडी पट्ट्या हातभर उंचीच्या आत लावाव्या लागतात. रोज चौदा तास धरले तर महिन्याला सुमारे ३४ युनिट वीज. ज्या शाळेचं वीजबिल भरायलाच पैसे नसतात तिथे हा खर्च कोण करणार हे आधी ठरवावं लागतं, आणि ठरत नसेल तर दिवाळीनंतरच्या खिडकीवर समाधान मानावं. आपल्याकडे वर्गातल्या बागेचा खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच आहे. मार्चपासून विदर्भात द्रावण इतकं तापतं की मुळं तपकिरी होऊन कुजतात.

डासांचा मुद्दाही गंभीरपणे घ्यायला हवा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. डबा घट्ट झाकलेला, भोकं वाटीने पूर्ण बंद आणि बाहेरून काळ्या कागदाने गुंडाळलेला असला की डास आणि शेवाळ दोन्ही टळतात. मुळं पाहण्यासाठी तो कागद रोज पाच मिनिटं काढायचा आणि परत लावायचा. महापालिकेचा आरोग्य कर्मचारी येऊन डबे ओतून गेला, असं व्हायला नको.

आता या बागेतून मुलांच्या ताटात काय पडणार? इथे उत्साहाला आकडेवारीची जोड दिली पाहिजे. पोषण आहाराच्या निकषानुसार प्राथमिकच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी मिळायला हवी. अ‍ॅरिझोनात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत हायड्रोपोनिक लेट्यूसचं उत्पादन वर्षाला दर चौरस मीटरला ४१ किलो धरलं होतं, शेतातल्या ३.९ किलोच्या जवळजवळ अकरापट. पाणी किलोमागे २५० लिटरऐवजी २० लिटर. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, ते आठवणाऱ्याला हा आकडा मोठा वाटणारच. पण ऊर्जा किलोमागे १,१०० किलोज्यूलवरून ९०,००० वर गेली होती, म्हणजे सुमारे २५ युनिट. त्यातली बरीच हरितगृह गरम-थंड ठेवण्यात. आणि ४१ किलोला ३६५ ने भागलं तर दिवसाला सव्वाशे ग्रॅमही येत नाहीत. उत्तम व्यवस्थेतली एक चौरस मीटर बाग दोन मुलांची भाजी देते. चाळीस मुलांच्या वर्गाने यावर पोट भरण्याचं स्वप्न पाहू नये. ‘शाळा भाजीत स्वयंपूर्ण’ अशी बातमी छापून आली की मला त्या शिक्षकाची काळजी वाटते, कारण पुढच्या वर्षी त्याच्याकडे त्याच आकड्याची मागणी होणार असते.

या बागेचं खरं पीक वेगळं आहे. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतून ते काढून नव्याला देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात. लोह असं हलवता येत नाही, म्हणून ते कमी पडलं की शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात. तीन डबे घ्यावेत: एकात सगळं, एकात नत्र नाही, एकात लोह नाही. सहावी-सातवीच्या मुलांना हे तीन आठवडे पाहू द्यावं. झाक्स आणि क्नोप यांनी जे केलं तेच मुलं करतात, आणि शेतकऱ्याच्या घरातलं मूल घरी जाऊन आपल्या कपाशीचं पान उलटून पाहतं. पाठ्यपुस्तकातला तक्ता हे करू शकत नाही.

मातीवर प्रेम करणाऱ्यांचा या सगळ्याला आक्षेप आहे, आणि तो मला मनापासून पटतो. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत नयी तालीम मांडली तेव्हा हाताने काम करत शिकणं त्यांना अभिप्रेत होतं, आणि शेतीलाही त्यात जागा होती. शहरातलं मूल आधीच मातीला घाण म्हणायला शिकलेलं असतं. त्याला आपण मातीशिवायही चालतं असं शिकवायचं का? पण वर युरियाची गोष्ट सांगितली तिच्यातच याचं उत्तर आहे. माती काढून टाकली की ती काय काय करत होती ते एकेक करून आपल्यावर येऊन पडतं: क्षार मोजायचे, पीएच सांभाळायचा, हवा द्यायची, जिवाणूंचं काम स्वतः करायचं. म्हणून प्रत्येक द्रावणाच्या डब्याशेजारी त्याच भाजीची एक कुंडी, कंपोस्ट घातलेली, असायलाच हवी. नुसते डबे ठेवणारी शाळा अर्धाच धडा देते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या देबोरा दत्ता आणि संजय चंद्रशेखरन यांनी शहरी शेती करणाऱ्या गटाचा अभ्यास करून २०१८ मध्ये मांडलं की पर्यावरणाची आस्था आधी आणि कृती नंतर असा क्रम नसतो. एकत्र लावता-खुडताना ती आस्था घडत जाते. वर्गातल्या बागेलाही हे लागू होतं, पण मुलांचे हात त्यात असले तरच. बटण दाबलं की सगळं आपोआप होणाऱ्या यंत्रात मुलाला करण्याजोगं काही उरत नाही.

राहता राहिला तो शिक्षक, आणि माझ्या मते सगळा प्रश्न त्याचाच आहे. संच देणं सोपं, एका दिवसाचं प्रशिक्षण देणं त्याहून सोपं. पानं पिवळी पडतात तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा संच विकणारा फोन उचलत नाही, प्रशिक्षणाची फाइल कपाटात असते आणि बाई मतदार यादीच्या कामात असतात. अटल टिंकरिंग लॅबला मिळणारं अनुदान २० लाखांपर्यंत आहे, त्यातले १० लाख पाच वर्षांच्या चालू खर्चासाठी. पण पैशाने माणूस आपोआप येत नाही.

जिथे हे टिकलं आहे तिथे सोबत टिकली आहे. न्यू यॉर्क सन वर्क्स ही संस्था तिथल्या दोनशेहून अधिक शाळांत हायड्रोपोनिक वर्ग चालवते. बांधणीबरोबर ती अभ्यासक्रम देते आणि वर्षभर शिक्षकांना शिकवत राहते. त्याच शहरातल्या ब्रॉन्क्स भागातले स्टीफन रिट्झ यांनी गरीब वस्तीतल्या वर्गात भाज्यांचे उभे मनोरे वाढवले. ज्या ग्लोबल टीचर प्राइझमुळे २०२० मध्ये परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव घराघरात गेलं, त्याच पुरस्काराच्या २०१५ च्या पहिल्या दहांत रिट्झ होते. पण असा एखादा झपाटलेला शिक्षक धरून व्यवस्था उभी राहत नाही. तो बदलून गेला की बाग जाते.

आपल्याकडचं उत्तर पाबळला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या ‘मूलभूत तंत्रज्ञान’ अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस शेती, ऊर्जा, अभियांत्रिकी, गृह-आरोग्य यांतलं प्रत्यक्ष काम करतात, आणि ते काम शिकवायला गावातलेच कारागीर, शेतकरी निदेशक म्हणून येतात. विज्ञानाच्या शिक्षकावर सगळा भार न टाकता, ज्याला हाताने येतं त्यालाच शाळेत आणायचं, ही कलबागांची दृष्टी वर्गातल्या बागेला तंतोतंत लागू पडते.

असा माणूस प्रत्येक शाळेला मिळू शकतो. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलंमुली ग्रामीण कार्यानुभवासाठी ‘कृषीदूत’ आणि ‘कृषीकन्या’ म्हणून गावोगाव जातात. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही विद्यापीठांखालच्या महाविद्यालयांतून ती येतात. माती परीक्षण, बीजप्रक्रिया यांची प्रात्यक्षिकं देताना त्यांचे फोटो स्थानिक पानांवर नेहमी दिसतात. विद्राव्य खत, ईसी, सूक्ष्म अन्नद्रव्याची कमतरता हा त्यांच्या परीक्षेचाच भाग. एका जोडीकडे एक शाळा दिली आणि आठवड्याला एक तास ठेवला तर बाईंना विचारायला कुणीतरी असेल. शहरांतही हे होऊ शकतं. पुण्याचं कृषी महाविद्यालय तर शिवाजीनगरातच आहे. अडचण एवढीच की त्यांचं हे सत्र पावसाळ्यात सुरू होऊन दिवाळीच्या आसपास संपतं, आणि खिडकीतल्या बागेचा हंगाम तेव्हा कुठे सुरू होतो. त्यामुळे वेळापत्रक असं बसवावं लागेल: जुलैमध्ये अळीव आणि मोहरी, गणपतीनंतर लगेच पहिले द्रावणाचे डबे, म्हणजे पानं पिवळी पडण्याचा तो तिसरा आठवडा ही मुलं गावात असतानाच येईल. पुढे फेब्रुवारीपर्यंतच्या शंका महिन्याच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत, शेजारच्या शाळांच्या शिक्षकांसमोर, डबा प्रत्यक्ष टेबलावर ठेवून विचारता येतील.